इचेनच्या कांठीं

विंचेस्टर हें दक्षिण इंग्लंडांतील प्राचीन नगर. तेथें आमच्या कन्येचें बिऱ्हाड असल्यामुळें गेल्या वैशाखांत आमचा महिनाभर मुक्काम झाला. नगरांतून इचेन नांवाची नदी वाहते. कृष्णेकांठच्या माणसास ती ओढ्याएवढीच वाटावयाची! परंतु पाणी असें निर्मळ कीं तळचे गोटे मोजून घ्यावे. त्या प्रांतीं भूमि खडूची. पावसाचें पाणी तींत मुरतें आणि गाळलें जाऊन झऱ्यांच्या रूपानें वर येतें. म्हणून उन्हाळा असो कीं हिवाळा, झऱ्याच्या मुखाशीं त्याची उष्णता सुमारें १० अंश सेंटिग्रेडच राहते.

या पाण्यांत ट्राउट मासे राहतात, आणि ते धरण्याचें शास्त्र तेथील लोकांनीं आपल्या व्याकरणाइतकें सूक्ष्म करून ठेविलें आहे. त्या विषयावरचा प्रख्यात ग्रंथ १६५३ सालीं प्रसिद्ध करणारा आयझॅक वॉल्टन याच नगरीच्या कॅथीड्रलांत चिरनिद्रा घेत आहे.

आमच्या पंधरा वर्षांच्या नातवास याच शास्त्राचें वेड! आम्ही पडलों शाकाहारी. त्यांत मुलाचें अभ्यासांत लक्ष नाहीं, अशी कन्येची तक्रार. "बाबा, तुम्हीच त्याला चार शब्द सांगा," असें तिनें म्हटल्यावरून एका सायंकाळीं आम्ही उपदेश मनांत जुळवून त्याच्या खोलींत गेलों.

टेबलावरील पकडींत तांदळाच्या दाण्याएवढा गळ बसवून तो कृत्रिम माशी बांधीत होता. प्रथम गळावर बारीक धागा गुंडाळला. मग मोरपिसाच्या डोळ्यांतील एक तंतु घेऊन नखानें त्याची लव खरडली. त्याचे वेढे देतांच फिकट-गडद वलयें उमटून किड्याचें उदर तयार झालें. शेवटीं बदकाच्या शेपटीच्या मुळाशीं असलेल्या तेलग्रंथीजवळचें मऊ पीस माथ्यावर बांधलें. पीस पाण्यावर तरंगावें, उदर पाण्याखालीं लोंबावें, अशी ती रचना.

"अर्धी आंत, अर्धी बाहेर, असें कां रे?" आम्हीं विचारलें.

"आजोबा, ती अजून जन्मते आहे."

मग त्यानें सांगितलें तें ऐकावें. मेफ्लाय जातीच्या किड्याचें बाल्य नदीच्या तळाशीं जातें. वेळ भरली कीं तो वर येतो, कात फोडतो आणि पंख सोडवितो. पंख फुटल्यावर त्याचें मुख निकामी असतें. कांहीं न खातां, जोडीदार गांठून, थोड्याच दिवसांत, कित्येकदां एकाच दिवसांत, तो मरतो. कात सोडवितांना पाण्याच्या पातळ पडद्यांत तो पळभर अडकतो. उडतां येत नाहीं, बुडी मारतां येत नाहीं. ट्राउट त्याच पळाची वाट पाहतो. मासा पृष्ठभागाखालींहि किडे खातो, तेव्हां तेथेंहि माशी टाकावी, असें १९१० सालीं स्क्यूज नांवाच्या वकिलानें याच नदीवरील अनुभवानें लिहिलें, तेव्हां केवळ तरंगत्या माशीच्या अभिमान्यांशीं त्याचा मोठा वाद माजला.

वाचकहो, 'क्षणभंगुर' हा शब्द आम्हीं पस्तीस वर्षें फळ्यावर लिहिला, त्याचा विग्रह सांगितला. पण तो क्षण डोळ्यांनीं कधीं पाहिला नव्हता. या मुलानें नदींतले दगड उलटून पाहिला होता.

दुसऱ्या दिवशीं त्याच्याबरोबर कांठावर गेलों. त्यानें एक मासा धरला, हात ओले करून उलटा कांटा नसलेला तो गळ सोडविला आणि मासा पाण्यांत परत सोडला. मुक्या जिवाच्या तोंडांत खेळासाठीं गळ अडकवावा, हें आम्हांस अजूनहि रुचत नाहीं. तसें त्यास स्पष्ट सांगितलें; त्यानेंहि तें शांतपणें ऐकून घेतलें.

घरीं येतांच कन्येनें विचारलें, "बोललांत ना त्याच्याशीं?"

आम्ही म्हणालों, "बोललों. पण लक्ष कोणाचें कमी पडत होतें, हें आधीं ठरलें पाहिजे."