पडद्याबाहेरचा ‘डॉक्टर हू’

बीबीसीची ‘डॉक्टर हू’ मालिका 1989 मध्ये थांबली, पण तिचा काळप्रवासी नायक डॉक्टर याच्या कथा थांबल्या नाहीत. मालिका सुरू असतानाच, 1979 पासून, तिच्या साप्ताहिकात डेव्ह गिबन्स यांनी चित्रकथा रेखाटल्या. तिथे चित्रीकरणाच्या खर्चाची अडचण नव्हती. अख्खी यांत्रिक रोमन फौज कागदावर उतरली.

1999 पासून ‘बिग फिनिश’ या कंपनीने मालिकेतल्याच नटांच्या आवाजात श्राव्यनाटके काढली. त्यांत मार्क प्लॅट यांचे ‘स्पेअर पार्ट्स’ (2002) सर्वांत सरस. अर्धीअधिक यंत्र झालेली इव्होन घरच्यांकडे परतते. आवाज तुटक, धातूचा. चेहरा दिसत नाही म्हणूनच काळजात चर्र होते. पडद्यावरच्या सायबरमेनना, म्हणजे अशा यंत्र झालेल्या माणसांना, ही व्यथा क्वचितच लाभली. काही नाटकांत मात्र पात्रे समोरचे दृश्यच बोलून दाखवतात, ते खटकते. नवख्या श्रोत्याने ‘स्पेअर पार्ट्स’पासूनच सुरुवात करावी.