पॅडचा वास, सीआरपीचा आकडा

आमच्या वॉर्डात ‘पाणी गेलंय, कळा नाहीत’ असं कुणी म्हटलं की पहिला प्रश्न असतो, किती आठवडे झाले? सदतीस आठवडे पुरे व्हायच्या आत पाणमोट फुटली, तर बाळ आत ठेवावं तर जंतुसंसर्गाची भीती, बाहेर काढावं तर फुप्फुसं कच्ची. या कात्रीत एकेक दिवस मिळवणं हीच आमची कारागिरी.

मी शिकत होते तेव्हा पाणी गेलेली, एकतीस आठवड्यांची एक बाई माझ्याकडे आली. बाळाच्या फुप्फुसांसाठी डेक्सामेथासोनची इंजेक्शनं सुरू केली. दुसऱ्या दिवशी पांढऱ्या पेशी बारा हजारांवरून साडेसतरा हजारांवर! संसर्ग समजून मी सिझरची तयारी सांगून मोकळी. सर आले, रिपोर्ट बाजूला ठेवून त्यांनी तिचं मनगट धरलं. नाडी ८४, ताप नाही, पोट मऊ, बाळाचे ठोके १४४. ‘‘अगं, या पेशी तुझ्या इंजेक्शनने वाढवल्यात.’’ स्टेरॉइडने पेशी वाढतात, हे मी परीक्षेत लिहिलेलं होतं. ऐन वेळी आठवलं नाही.

संसर्गाचा माग घ्यायला रक्तात मोजतात त्या सीआरपीचंही तसंच. न्यूमोनियाच्या रोग्यांच्या रक्तात १९३० साली सापडलेलं हे प्रथिन यकृतात तयार होतं. गर्भजलात इंटरल्यूकिन-६ हा दाहाचा निरोप्या वाढला तरी यकृताला वर्दी पोचून सीआरपी चढायला तास जातात. शिवाय आग कुठे लागली हे ते सांगत नाही. लघवीतला संसर्गही त्याला पुरतो. म्हणून मी एका आकड्यावर विसंबत नाही, आकड्यांचा चढ बघते.

त्याच बाईच्या नवव्या दिवशी पहाटे सिस्टर तिचं पॅड घेऊन आल्या. ‘‘मॅडम, वास बदललाय.’’ नाडी ११२, ठोके १७०. ताप अजून नव्हता, पण आता थांबलो नाही. वाढलेल्या सीआरपीचा रिपोर्ट हाती आला तेव्हा बाळ काचेच्या पेटीत पोचलं होतं. पुढे वारेच्या तपासणीत नाळेच्या रक्तवाहिन्यांच्या भिंतीत पांढऱ्या पेशी दिसल्या. त्या बाळाच्या होत्या. आईला ताप यायच्या आधीच तो दीड किलोचा जीव लढायला लागला होता.

दिवस भरले नसताना अंगावरून पाणी गेलं, तर कळांची वाट बघू नका. कोरडं पॅड लावा, वेळ लिहून ठेवा आणि लगेच या. ते पॅड फेकू नका, सोबत आणा.