बाथरूमची कडी

भाड्याच्या फ्लॅटमधला पीव्हीसीचा बाथरूम-दरवाजा म्हणजे कटकट! तो खाली बसतो, फरशीला घासतो आणि कडी काही भोकात जात नाही. आम्हा तिघा रूममेट्सचं 'कोण आहे रे आत?' या एका हाकेवर मस्त चाललं होतं.

मग आई आठ दिवस राहायला आली. आंघोळ करताना मोठमोठ्याने आरत्या म्हणायची. घरी कधीच म्हणत नाही. आत कुणीतरी आहे, हे बाहेर कळावं म्हणून!

हे दरवाजे आतून पोकळ. वरच्या बिजागरीचे स्क्रू सैल झाले की त्याच भोकात कितीही पिळा, नुसते फिरतात. म्हणून दरवाजा खालून पाचर सरकवून उचलला, बिजागरी इंचभर खाली घेतली, नवी भोकं पाडली. खर्च मूठभर स्क्रूंचा.

सकाळी कडी खट्कन लागली. आतून फक्त पाण्याचा आवाज. आरत्या बंद!