दोन घरचा पाहुणा

मुंबईंत बिऱ्हाड करून राहिलेला पुणेकर म्हणजे दोन घरचा पाहुणा. म्हणींतल्या पाहुण्यासारखा तो उपाशी मात्र राहत नाहीं. त्याला दोन्हीं घरीं आग्रहानें वाढतात आणि दोन्हीं घरीं "या खेपेस फार उशीर केलास" म्हणून ऐकवितात. गेलीं पंचवीस वर्षें हा दुहेरी पाहुणचार मी भोगीत आलों. दादरला माझ्या दोन खोल्या. सदाशिव पेठेंत आमचा वडिलोपार्जित वाडा, आणि त्या वाड्याच्या माजघरांत आमच्या काकू.

मधल्या प्रवासासाठीं दख्खनची राणी आहे. १ जून १९३० रोजीं ती प्रथम निघाली, म्हणजे काकूंहून ती दहा वर्षांनीं वडील. परंतु राणीनें २०२१ सालीं कांचेच्या छताचा डबा जोडून घेतला, २०२२ सालीं सगळेच डबे नवे केले, काकूंना नुसता एक गुडघा नवा करून घ्या म्हटलें, तर त्या म्हणत, "मला कुठें रोज मुंबईला धांवायचें आहे?"

सायंकाळीं ही गाडी कर्जतला येते, तेव्हां तिच्या शेपटास जादा इंजिनें लागतात. पुढें ३७ फुटांस १ फूट असा चढ. १८६३ सालीं खुला झालेला हा बोरघाट एकट्या इंजिनाच्या बळावर चढवत नाहीं. मागून हलकासा धक्का बसतो, आणि त्या धक्क्याबरोबर माझें मुंबईपण गळून पडे. मुंबईंत मी घड्याळाच्या कांट्यावर चालणारा इसम. सकाळची ठरलेली लोकल चुकली, तर दिवस बुडाला असें मानणारा. लोणावळ्याच्या गार वाऱ्यांत तीं मागचीं इंजिनें सुटलीं, कीं मी पुनः वाड्यांतला धाकटा मुलगा होई, ज्याला अंगणांतल्या नळावर पाय धुतल्याखेरीज कोणी आंत घेत नसे.

वाडा यंदां गेला. भाऊबंदांच्या सह्या झाल्या, नव्या इमारतीचा नकाशा आला, महिनाअखेर जागा मोकळी करावयाची ठरली. मला धास्ती होती ती काकूंची. सकाळच्या राणीनें त्यांना दादरला आणलें. घाट उतरतांना त्या एक अक्षर बोलल्या नाहींत. नुसते बोगदे मोजीत होत्या. घरीं येतांच वाड्याच्या दिंडीची किल्ली त्यांनीं देव्हाऱ्यापाशीं ठेवली. आतां यांना रडूं कोसळणार, असें वाटून मी शेजारीं जाऊन बसलों, तों त्यांनीं विचारलें, "इथें दूध किती वाजतां येतें?"

पंधरा दिवसांत त्यांना खालच्या भाजीवाल्याचें गांव ठाऊक झालें, समोरच्या बिऱ्हाडांतल्या मुलीच्या परीक्षेची तारीख ठाऊक झाली. दादर स्टेशनाचे फलाट २०२३ च्या डिसेंबरापासून सलग १ ते १४ असे मोजले जातात. हा हिशेब मला अजून घोटाळ्यांत पाडतो. काकूंनीं तो एका दुपारीं पाठ केला. (त्यांना कोठें जावयाचें नसतें, ही गोष्ट अलाहिदा.)

परवां शनिवार होता. सवयीनें मी पिशवींत सदरा आणि टॉवेल भरला व दाराशीं चपला घालूं लागलों.

"कुठें निघालास रे?"

"पुण्याला."

काकूंनीं भाजी निवडतां निवडतां मान वर केली. "तिथें कोणाकडे?"

एक चप्पल पायांत, एक हातांत, असा मी उभा राहिलों. काकूंनीं मेथीची दुसरी जुडी माझ्याकडे सरकवली. राणी बोरीबंदराहून पांच-दहाला सुटते. ती जुडी निवडून होईपर्यंत साडेपांच वाजून गेले.