आगगाडीने काय नेले?

आमच्या पर्वत पाटियाला पर्वत नाही. सुरतेस प्रथमच आलेले पाहुणे गच्चीवर चढून चहूकडे पाहतात आणि डोंगर कोठे आहे म्हणून हमखास विचारतात. पाटिया म्हणजे फाटा. पर्वत नावाच्या जुन्या गावाची वाट मोठ्या रस्त्यापासून जेथे फुटत असे, ती ही जागा. आज शहराने गाव आणि वाट दोन्ही पोटात घेतली आहेत. बारडोलीकडे जाणाऱ्या या रस्त्यावरून दिवसभर कापडाच्या गाठी वाहणाऱ्या गाड्या धावतात आणि रात्री वर्दळ ओसरली म्हणजे आसपासच्या कारखान्यांतील मागांचा खडखडाट ऐकू येतो.

आमच्या गल्लीतील बहुतेक घरे खानदेशी आहेत. कोणी अमळनेरकडचे, कोणी शिंदखेड्याचे, तर कोणी नंदुरबारचे. बाजारात गुजराती, शाळेत मराठी आणि चुलीपाशी अहिराणी अशा तीन भाषांत आमचा दिवस सरतो. एवढी माणसे कपाशीची काळी जमीन सोडून येथे का आली, हा प्रश्न आम्हांला कधी पडला नव्हता. आईबाप राहतात ते मुलांचे गाव, एवढेच आम्ही जाणत होतो. तो प्रश्न कसा पडला, त्याचीच हकीकत या लेखात सांगावयाची आहे.

गेल्या वर्षी शाळेत वक्तृत्वस्पर्धा झाली. विषय होता : इंग्रजी राजवटीने भारताचा आर्थिक विकास झाला काय? चिठ्ठ्या टाकून बाजू ठरल्या आणि आमच्या वाट्याला अनुकूल बाजू आली. आम्ही कसून तयारी केली. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास गेलेली पहिली गाडी, तारायंत्र, जमिनीची मोजणी, न्यायालये, कापसाला मिळालेली जगाची बाजारपेठ, हे सारे आम्ही असे काही रंगवून सांगितले की टाळ्यांचा कडकडाट झाला. दुसरे पारितोषिक मिळाले. प्रशस्तिपत्रक घेऊन आम्ही धावत घरी आलो आणि आजीला सारे भाषण पुन्हा म्हणून दाखविले.

आजी ज्वारी निवडीत होती. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि सूप खाली न ठेवताच विचारले, "आगगाडी भरीसन काय जाये नि काय ये, हाई इचारं का कोनले?" गाडी भरून काय जात होते आणि काय येत होते, हे कोणाला विचारलेस का? आम्ही निरुत्तर झालो. पहिली गाडी किती वाजता सुटली हे आम्हांला पाठ होते. पण तिच्या मागून धावलेल्या मालगाड्यांत काय भरले होते, हे आम्ही पाहिलेच नव्हते.

त्या रात्री आजीने आपली जुनी ट्रंक उघडली. लुगड्यांच्या घडीखाली एक पिवळा पडलेला, घड्यांवर फाटत चाललेला कागद होता. त्यावरील मोडी अक्षर घरात कोणालाच वाचता येत नव्हते. तरीही तीन पिढ्या तो जपून ठेवला गेला होता. पुढे मोडी जाणणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांनी तो आम्हांला वाचून दाखविला. शके १८२१, म्हणजे सन १८९९-१९०० मध्ये, आमच्या पूर्वजांनी आपले शेत सावकाराकडे गहाण टाकल्याचा तो दस्तऐवज होता. कारणे दोनच लिहिली होती : सरकारी सारा आणि बैलजोडी. ते शेत पुन्हा कधी घरी आले नाही. ज्या राजवटीची आम्ही व्यासपीठावरून स्तुती केली, तिच्या अमलातील आमच्या घराची साक्ष ट्रंकेच्या तळाशी पडून होती!

आमच्या मनाला ती गोष्ट लागून राहिली. सुटीत आम्ही ग्रंथालयात जाऊन बसू लागलो आणि आजीच्या प्रश्नाचे उत्तर शोधू लागलो.

आरंभ आमच्या सुरतेतूनच करावा लागला. १६१३ साली बादशहा जहांगीर याच्या फर्मानाने इंग्रजांची वखार या शहरात स्थिर झाली. त्या काळी इंग्रज व्यापाऱ्यांजवळ आपल्याला हवा असा माल फारसा नव्हता. ते चांदी आणीत आणि सुती कापड, नीळ असा माल नेत. आपले कापड तिकडे इतके लोकप्रिय झाले की तेथील विणकरांनी ओरड केली आणि त्यांच्या पार्लमेंटने १७०० व १७२१ साली कायदे करून छापील कापडावर बंदी घातली. पुढे १७५९ साली सुरतेचा किल्ला आणि १८०० साली शहराचा संपूर्ण कारभार कंपनीच्या हाती गेला. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी आपल्या कापडावर विलायतेत शेकडा सत्तर-ऐंशीपर्यंत जकात बसत होती. उलट यंत्रावर निघालेले त्यांचे कापड आपल्या बंदरांत नाममात्र जकातीने उतरत होते. येथून कापड जाण्याऐवजी कापूस जाऊ लागला आणि चांदी येण्याऐवजी कापड येऊ लागले. आजीच्या प्रश्नाचे पहिले उत्तर आम्हांला येथे मिळाले.

यंत्राचे कापड स्वस्त होते आणि गरिबांनीही ते आवडीने घेतले, हे कबूल केले पाहिजे. हातमाग सर्वस्वी मेला असेही नाही. सुरतेची जर टिकली, येवल्याचे पैठणीचे माग टिकले आणि १८५७ नंतर उत्तरेकडून आलेल्या विणकरांनी मालेगावात माग उभे केले. परंतु हातावर सूत कातणाऱ्या असंख्य बायाबापड्यांचा धंदा गेला आणि अनेक विणकरांना शेतीवर मजुरी शोधावी लागली. आपल्या धंद्याला सावरण्यासाठी विलायतेने जी जकातीची भिंत बांधली, तशी भिंत बांधण्याचा अधिकार आपल्याला नव्हता, हे खरे दुःख आहे.

हा अधिकार नसणे म्हणजे काय, हे गिरण्यांच्या इतिहासात स्पष्ट दिसते. १८५४ साली कावसजी नानाभाई दावर यांनी मुंबईत कापडगिरणी स्थापन केली. पाठोपाठ अहमदाबादेत आणि खानदेशातही गिरण्या झाल्या. आपले लोक आपल्याच कापसाचे सूत यंत्रावर कातू लागले. तेव्हा मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांना चिंता पडली. १८९६ साली सरकारने परदेशी कापडावर साडेतीन टक्के जकात ठेवली आणि तेवढाच, साडेतीन टक्के, कर देशी गिरण्यांच्या कापडावरही बसविला. जो लाभ डाव्या हाताने दिला तो उजव्या हाताने काढून घेतला. हा कर सुमारे तीस वर्षे टिकला.

आता शेताकडे वळू. खानदेश १८१८ साली इंग्रजी अमलाखाली आला. पूर्वीच्या राजवटीत सारा नव्हता किंवा जुलूम नव्हता असे कोणी म्हणणार नाही. नवी गोष्ट ही होती की सारा रोख पैशात, ठरल्या तारखेस भरावा लागे, मग पीक येवो अथवा न येवो. जमिनीच्या मोजणीमुळे सारा वाढेल अशी धास्ती घेऊन १८५२ साली सावदा, एरंडोल या भागांत शेतकरी मोठ्या संख्येने जमले आणि मोजणीस अडून राहिले. सरकारला फौज आणावी लागली. आमच्या भाषणात मोजणीची स्तुती होती, त्या जमावाचा उल्लेख नव्हता.

रोख पैसा हवा म्हणजे रोख विकले जाणारे पीक हवे. ज्वारी-बाजरी पोट भरते, कापूस पैसा देतो. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथील कापूस विलायतेस जाईना आणि आपल्याकडील कापसाचे भाव अकस्मात चढले. सावकार हात सैल सोडून कर्ज देऊ लागले, शेतकरीही हौसेने घेऊ लागले. १८६५ साली युद्ध संपले, भाव कोसळले. परंतु कर्ज कोसळले नाही, व्याजाने ते वाढतच गेले. समुद्रापलीकडे युद्ध का लागले आणि का थांबले याचा पत्ता नसलेला शेतकरी त्या युद्धाची किंमत भरीत राहिला.

कायद्याची गोष्टही अशीच झाली. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या कर्जरोख्याची मुदत तीन वर्षे ठरली. हेतू ऋणकोला वाचविण्याचा होता. सावकारांनी दर तीन वर्षांनी व्याज मुदलात मिळवून नवा रोखा लिहून घेण्यास सुरुवात केली. पूर्वी गावाच्या भिडेने सावकार थोडा तरी आवरला जाई. आता त्याच्या पाठीशी न्यायालयाचा हुकूमनामा होता, आणि निरक्षर शेतकऱ्याच्या हाती अंगठ्याशिवाय काही नव्हते. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकरी उठले. त्या दंग्यांचे वैशिष्ट्य असे की लोकांचा रोख सावकारांच्या जिवापेक्षा त्यांच्या दप्तरांवर होता. कर्जरोखे हिसकावून त्यांनी ते जाळले. १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी संरक्षक कायदा झाला, आणि १८८३ साली महात्मा फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहून ही सारी दुर्दशा मांडली. त्यांनी परक्या सरकारला दोष दिला, तसाच शेतकऱ्याला लुबाडणाऱ्या स्वकीयांनाही दिला. आमच्या ट्रंकेतील कागदावरही सावकार आपलाच होता. ही गोष्ट लपविणे म्हणजे पुन्हा अर्धेच भाषण करणे होय.

मग आगगाडी? रेल्वे कंपन्यांना सरकारने भांडवलावर पाच टक्के व्याजाची हमी दिली होती आणि तूट पडली तर ती भारताच्या तिजोरीतून भरली जात असे. लोहमार्ग खानदेशात पोहोचले आणि कापसाच्या गाठी मुंबई बंदराकडे वेगाने निघाल्या. येताना त्याच मार्गाने विलायती कापड गावोगावच्या बाजारात उतरले. दुष्काळात हीच गाडी धान्यही आणू शके, हे खरे; परंतु धान्य स्थानकात उतरले तरी विकत घेण्यास गाठीला पैसा लागतो. १८९९-१९०० चा दुष्काळ गुजरातेत 'छप्पनियो' म्हणून अजून ओळखला जातो, कारण ते विक्रम संवताचे १९५६ वे वर्ष होते. आमचे शेत गेले ते त्याच वर्षी. आणि त्याच सुमारास सुरतेहून अमळनेरकडे जाणारा तापीकाठचा लोहमार्ग तयार होत होता. ज्या मार्गाने आमचे वडील पुढे सुरतेस आले, तो हाच!

नवसारीच्या पारशी घराण्यातील दादाभाई नौरोजी यांनी हा हिशेब साऱ्या देशासाठी मांडला. १८६७-६८ चे आकडे घेऊन त्यांनी दाखविले की भारतीय माणसाचे सरासरी वार्षिक उत्पन्न अवघे वीस रुपये आहे, आणि देशाच्या संपत्तीचा ओघ दरसाल परत न येण्यासाठी बाहेर वाहत आहे. न्यायमूर्ती रानड्यांनी उद्योगधंदे वाढविण्याचा आग्रह धरला. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, यांनी तर घरी कातलेल्या सुताची वस्त्रे अंगावर चढविली.

आमच्या दारावरून जाणारा रस्ता ज्या बारडोलीस जातो, तेथे १९२८ साली या प्रश्नाला शेतकऱ्यांनी स्वतः उत्तर दिले. सरकारने सारा बावीस टक्क्यांनी वाढविला होता. वल्लभभाई पटेलांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी तो देण्याचे नाकारले; जप्त्या सोसल्या, गुरे घरात कोंडून ठेवली, पण ते वाकले नाहीत. अखेर चौकशी झाली आणि वाढ सहा टक्क्यांच्या आसपासच योग्य ठरली. आकडा तर लहान झालाच. शिवाय आमच्या शेतावरील आकारणी कशी ठरली हे आम्हांला दाखवा, असे म्हणण्याचा हक्क शेतकऱ्याने बजावून घेतला.

हे सारे वाचून झाल्यावर आम्ही पुन्हा आजीपाशी गेलो आणि तिला म्हणालो, "आजी, गाडीतून कापूस गेला आणि कापड आले." ती हसली आणि म्हणाली, "आनि मानसं?" माणसे गेली, हे तिचे उत्तर आमच्या कोणत्याच टिपणात नव्हते. वडील रात्रपाळीहून येतात तेव्हा त्यांच्या केसांत तंतू अडकलेले असतात. लहानपणी आम्हांला तो कापूस वाटे. वस्तुतः सुरतेच्या मागांवर आज बहुतांशी कृत्रिम धागाच विणला जातो. कपाशीच्या शेतातून आलेला माणूस बारा-बारा तास कापड विणतो, आणि त्यात कापसाचा धागा नसतो.

१९४७ साली इंग्रज गेले. त्यानंतरच्या प्रत्येक दुःखाचे खापर त्यांच्या माथी फोडणे आम्हांला योग्य वाटत नाही. कापसाचा भाव पडला की खानदेशातील शेतकरी आजही कर्जात बुडतो, आणि मीटरवर मजुरी घेणाऱ्या कारागिराला दर ठरविताना आजही क्वचितच कोणी विचारतो. म्हणून आजीचा प्रश्न जुना झाला आहे असे आम्हांला वाटत नाही. नवा रस्ता होवो, नवी गाडी येवो, नवा कारखाना उभा राहो. त्याचे स्वागत अवश्य करावे, पण भरून काय जाते, काय येते आणि ते कोण ठरवतो, हेही विचारावे.

तो मोडी कागद आम्ही आता स्वच्छ कापडात गुंडाळून ट्रंकेत परत ठेवला आहे, आणि त्याचे देवनागरीत केलेले लिप्यंतर त्याच्यासोबत आहे. आमच्यानंतर जो कोणी ती ट्रंक उघडील, त्याला निदान तो वाचता येईल. प्रशस्तिपत्रकही आम्ही तेथेच ठेवले आहे. पुढील स्पर्धेत कोणतीही बाजू वाट्याला येवो, आम्ही तयारीला आधी आजीपाशी बसणार आहोत.