काविळीची माळ आणि खुंटी

सुरगाणा,
नागपंचमीचा दुसरा दिवस

प्रिय वृंदा,

तुझा लांबलचक व्हॉइस मेसेज दुकान बंद केल्यावर निवांत ऐकला. उत्तर मुद्दाम लिहून देतेय, कारण बोलायला लागले की तू मध्येच तोडतेस. तर तुझी मागणी अशी: नवऱ्याच्या सोनोग्राफीत फॅटी लिव्हर निघालं, तुझ्या जाऊबाईंनी सांगितलं की सुरगाण्याच्या डोंगरातली गुळवेल लिव्हरला अमृत, म्हणून मी ती वाळवून, कुटून मेलबर्नला धाडावी. अगं, तुमच्या विमानतळावर बडीशेपेची पुडीसुद्धा फॉर्मवर लिहून द्यावी लागते. पण तो प्रश्न पुढचा.

इथे औषधाला तोटा नाही. आवणी उरकली आहे, भाताच्या बांधाबांधावर भुईआवळा उगवलाय, गुळवेल तर आंब्यावर चढून वर तारेवरही गेलीय. काविळीला काय, म्हणून विचारलंस तर प्रत्येक पाड्यावर नवं उत्तर मिळेल. कुणी भुईआवळा वाटून ताकातून देतो, कुणी कडू दोडक्याचा रस नाकात सोडतो (हे कधी चुकूनही करू नको), कुणी माळ घालतो. माळ म्हणजे ओल्या काड्यांचे बारीक तुकडे दोऱ्याच्या गाठींत अडकवून केलेली. डोक्यावर ठेवली की ती रोज थोडी लांबते, कानापर्यंत येते, मग गळ्यात, मग छातीवर. माळ उतरली तशी कावीळ उतरली, असा हिशेब. खरी गोष्ट एवढीच की काड्या वाळून आकसतात, गाठी सैल पडतात आणि माळ लांबते. खुंटीला टांगली तरी लांबते.

माझ्या मते औषधी वनस्पतींची सगळी परीक्षा या खुंटीत आहे. औषध घेतलेल्याचं काय झालं हे सगळेच सांगतात. न घेतलेल्याचं काय झालं ते कुणी पाहिलं का, हे विचारायचं.

आपल्याकडची बरीचशी कावीळ पाण्यातून येते, हेपटायटिस ए नाहीतर ई. धडधाकट माणूस त्यातून काही आठवड्यांत आपोआप बरा होतो. आणि भगताकडे जातो कधी? डोळे पिवळे झाले, अन्नाचा वास नकोसा झाला, म्हणजे दुखणं ऐन भरात असताना. त्यानंतर ते उतरणारच. मग यश मुळीला, माळेला नाहीतर माझ्या काउंटरवरच्या लिव्हर टॉनिकला. टॉनिक विकणारी मी, म्हणून हे जरा हळू आवाजात सांगतेय. गरोदर बाईची गोष्ट मात्र निराळी. शेवटच्या तीन महिन्यांत हेपटायटिस ई झाला तर मृत्यूचं प्रमाण २०-२५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतं. तिथे माळेकडे बघत बसायचं नसतं, पहिली गाडी धरून मोठं हॉस्पिटल गाठायचं.

प्रॅक्टिकलला पांढरा उंदीर हातात घेताना तू किंचाळायचीस, ते आठवतं? लिव्हर वाचवणाऱ्या वनस्पतींचे जे शोधनिबंध निघतात त्यांतल्या बहुतेकांचा नायक तोच असतो. उंदरांचे गट करायचे. एकाला काही नाही. दुसऱ्याला नुसतं विष: कार्बन टेट्राक्लोराइड, जे पूर्वी ड्रायक्लीनिंगला वापरायचे, नाहीतर पॅरासिटामॉलचा जबर डोस. तिसऱ्याला विष आणि सिलिमरिन. चौथ्याला विष आणि आपली वनस्पती. मग रक्तातलं एसजीओटी, एसजीपीटी, बिलिरुबिन मोजायचं आणि लिव्हरचे काप सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे. पेशी मेल्या की यांतली पहिली दोन, म्हणजे एन्झाइमं, रक्तात सांडतात. चौथ्या गटात ती कमी सांडली की वनस्पती यकृतरक्षक ठरली!

यात एक मेख आहे. पुष्कळ प्रयोगांत वनस्पती आधी आठवडाभर पाजतात आणि विष नंतर देतात. रुग्ण तर उलट्या क्रमाने येतो. शिवाय कार्बन टेट्राक्लोराइड मुळात तितकं जहाल नसतं, लिव्हरमधलं एक एन्झाइम त्याचे तुकडे करतं आणि ते तुकडे पेशी जाळतात. पॅरासिटामॉलचंही साधारण तसंच. वनस्पतीने ते एन्झाइमच दाबलं तर विष तयारच होत नाही. आकडे सुंदर येतात, पण लिव्हर वाचवायची ताकद सिद्ध झालेली नसते. उलट अशा एन्झाइमांच्या कामात कुणी हात घातला तर माणसाच्या रोजच्या गोळ्यांचा हिशेब बिघडू शकतो.

आणि तिसऱ्या गटातलं ते सिलिमरिन, ज्याच्याशी सगळ्यांची तुलना होते? मिल्क थिसल नावाच्या काटेरी झाडाच्या बियांतून ते काढतात. अमेरिकेत हेपटायटिस सी असलेल्या १५४ रुग्णांवर त्याची चाचणी झाली, २०१२ साली निकाल आला. चोवीस आठवडे भरपूर डोस देऊनही एसजीपीटी नकली गोळीपेक्षा जास्त उतरलं नाही. मापाची पट्टीच अशी निघाल्यावर कुणाची उंची कशी मोजायची, सांग.

भुईआवळ्याच्या गोष्टीत तर तुझा ऑस्ट्रेलियाच आहे. बारूख ब्लमबर्ग यांना हेपटायटिस बीचा माग एका ऑस्ट्रेलियन आदिवासी माणसाच्या रक्तात लागला, म्हणून त्या घटकाला ऑस्ट्रेलिया अँटिजेन म्हणायचे. १९७६ साली त्यांना नोबेल मिळालं. हेच ब्लमबर्ग पुढे मद्रासच्या त्यागराजन यांच्याबरोबर आपल्या बांधावरच्या भुईआवळ्याकडे वळले. १९८८ साली ‘लॅन्सेट’मध्ये निकाल आला: महिनाभर भुईआवळा घेतलेल्या ३७ वाहकांपैकी २२ जणांच्या रक्तातून तो अँटिजेन गेला, नकली औषध घेतलेल्या २३ पैकी फक्त एकाच्या. केवढा गाजावाजा झाला असेल! पुढे इतरांनी तोच प्रयोग करून पाहिला तेव्हा तसं यश काही मिळेना. मला यात कुणाची लबाडी दिसत नाही. पहिला निकाल लहान गटावरचा होता, आणि दुसऱ्यांनी पडताळून पाहिला म्हणून तर खरं काय ते कळलं.

मुंबईचं काम मला जास्त जवळचं वाटतं. डॉ. अशोक वैद्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० साली आरोग्यवर्धिनी या आयुर्वेदिक औषधाची काविळीवरची डबल ब्लाइंड चाचणी प्रसिद्ध केली, म्हणजे खरी गोळी कोणाला आणि नकली कोणाला हे रुग्णालाही ठाऊक नाही आणि डॉक्टरांनाही नाही. १९९६ साली कुटकीची आली. कुटकी आपल्याकडची नव्हे, हिमालयात उंचावर होते. विषाणूजन्य काविळीचे ३३ रुग्ण, पंधरा कुटकीवर, अठरा नकली गोळीवर. बिलिरुबिन सरासरी २.५ पर्यंत उतरायला कुटकीच्या गटाला २७.४ दिवस लागले, दुसऱ्याला ७५.९. गट लहान आहेत, मान्य. तरी नकली गोळीवाल्यांचंही बिलिरुबिन उतरलंच ना? खुंटी होती म्हणून दोन्हींतला फरक दिसला.

आता तुझी गुळवेल. मुंबईच्याच केईएम हॉस्पिटलमध्ये डॉ. रवी बापट, डॉ. शारदिनी डहाणूकर, डॉ. निर्मला रेगे या मंडळींनी पित्तनलिका तुंबून कावीळ झालेल्या रुग्णांवर काम केलं. अशा रुग्णांची प्रतिकारशक्ती खचते, ऑपरेशननंतर जंतुसंसर्ग होतो आणि माणूस जातो. तीस रुग्णांचे दोन गट केले. सगळ्यांना नेहमीचे उपचार, एका गटाला वर गुळवेल. १९९३ साली त्यांनी लिहिलं की ऑपरेशननंतर नेहमीच्या उपचारांच्या गटात ४० टक्के वाचले, गुळवेलीच्या गटात ९२.४ टक्के.

जाऊबाईंना हे कळलं तर पेढे वाटतील. पण पुढचं वाच.

कोविड आला आणि घरोघरी काढे उकळू लागले. शेजारच्या ठाणे जिल्ह्यात शहापूरच्या वनधन केंद्राकडे गुळवेलीची दीड कोटी रुपयांवर मागणी आली. आदिवासींच्या हाताला काम मिळालं, त्याचा मला आनंदच आहे. त्याच मुंबईत सप्टेंबर ते डिसेंबर २०२० मध्ये डॉ. आभा नगराळ आणि सहकाऱ्यांपुढे सहा रुग्ण आले, लिव्हर सुजलेले, गुळवेल घेत असलेले. सूज ऑटोइम्यून धाटणीची, म्हणजे शरीराची फौज स्वतःच्याच लिव्हरवर तुटून पडलेली. त्यांतला एक रुग्ण गेला. पुढे देशभरातल्या तेरा केंद्रांनी मिळून असे ४३ रुग्ण नोंदवले. आयुष मंत्रालय म्हणालं, ती गुळवेल नसेल, तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल असेल. वेल ओळखण्यात चूक होऊ शकते, हे खरंच. आपल्या सह्याद्रीतही गुळवेलीचं केसाळ पानांचं एक भावंड आहे, आणि बाजारातल्या वाळल्या काडीला पानच नसतं. पण म्हणून रुग्ण खोटे ठरत नाहीत.

माझ्या मते केईएमचंही खरं आणि नंतरचंही खरं. प्रतिकारशक्ती खचलेल्याला तिला चेतवणारी वेल उपयोगी पडली, त्यात नवल नाही. ज्याची प्रतिकारशक्ती आधीच वाकड्यात शिरलेली, त्याला तीच वेल महागात पडू शकते. आणि केईएमने मोजून, ठरावीक दिवस, डॉक्टरांच्या नजरेखाली दिली. कोविडमध्ये लोकांनी मूठ-मूठ उकळून महिनोन्महिने प्यायली. त्या रुग्णांत काहींना थायरॉईडसारखे आजार आधीपासून होते. तुझ्या थायरॉईडच्या गोळीला किती वर्षं झाली, वृंदा? काढा घरात एकदा सुरू झाला की तो एकट्या नवऱ्यापुरता राहत नाही, तू दुसरा कप घेणारच.

शिवाय आजच्या माझ्या या पुराव्यांत फॅटी लिव्हर कुठेच नाही, बघ. तुंबलेली पित्तनलिका वेगळी, विषाणू वेगळा, विष पाजलेला उंदीर वेगळा. फॅटी लिव्हरला काय उपयोगी पडतं ते तुझ्या डॉक्टरने सांगितलंच असेल आणि तुम्हाला ते बेचव लागलं असेल: वजन सात ते दहा टक्के उतरवलं तर लिव्हरची सूज कमी होते. शुक्रवारची वाइनही थांबवायची. मोहाची दारू पिणाऱ्या इथल्या गिऱ्हाइकांना मी हेच सांगते, ते हसतात.

तर गुळवेल मी पाठवत नाही. नवऱ्याचं एसजीपीटी, हेपटायटिस बी आणि सी, आणि फायब्रोस्कॅन करून घे. तुझी ऑटोइम्यूनची तपासणी झालेली नसेल तर डॉक्टरांना विचार. घरात कुठलाही काढा, पूड, कॅप्सूल चालू असेल तर डॉक्टरांपासून लपवू नको, डबा सरळ पर्समधून घेऊन जा. रिपोर्ट आले की मला फोटो पाठव, आणि तोवर जाऊबाईंचा काढा बंद.

तुझीच,
सुनंदा