हल्याळच्या वाटेवरचा दमाम

धारवाडात गाण्याचा विषय निघाला, की आपल्या मराठी घरांतून सवाई गंधर्व, मल्लिकार्जुन मन्सूर, गंगूबाई हनगल ही नावे ओघानेच येतात. पण याच गावातून हल्याळची वाट धरावी. सुमारे ३५ किलोमीटरांवर काळ्या मातीचा मुलूख सरून सागवान-बांबूचे रान लागते, आणि त्या रानातल्या वाड्यांतून एक निराळेच ‘घराणे’ नांदते. ते सिद्दींचे.

सिद्दी म्हटले की मराठी मनाला जंजिरा आठवतो. हल्याळ-यल्लापूरचे सिद्दी मात्र सत्ताधीशांचे वारस नव्हेत. पोर्तुगीजांनी मुख्यत्वे पूर्व आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांचे हे वंशज. गोव्यातून निसटलेल्या कित्येकांनी या अरण्याचा आसरा घेतला. कोणी हिंदू झाले, कोणी मुसलमान, कोणी ख्रिस्ती. पूर्वजांची भाषा लोपली, कोकणी-मराठी वळणाची बोली ओठी रुळली. उरला तो दमाम, दोन्ही तोंडांना कातडे मढवलेला ढोल.

एका वाडीत तो ऐकण्याचा योग आला. मास्तरकीच्या सवयीने मी मात्रा मोजू लागलो. पण समेची वाट पाहणारा तो ताल नव्हेच. एकाने ओळ टाकावी, साऱ्यांनी झेलावी, हे मात्र भजनात वाढलेल्या कानाला परके वाटले नाही. तिन्ही धर्मांची माणसे एकाच ठेक्यावर नाचत होती. स्त्रियांच्या एका नाचाचे नाव चक्क फुगडी!

पश्चिम आफ्रिकेतून क्यूबाला नेलेल्या गुलामांच्या तालांतून तिथले संगीत घडले. ते १९३३ पासून एच. एम. व्ही.च्या ‘जी. व्ही.’ मालिकेतील तबकड्यांवरून आफ्रिकेत परतले आणि तिथल्या लोकप्रिय गाण्यात मुरले. घानाचे ई. टी. मेन्सा, नायजेरियाचे फेला कुटी यांची गाणी पुढे जगभर गेली. दमामच्या वाट्याला अशी तबकडी आली नाही.

एकदा मात्र नायजेरियाच या रानात आली. १९८० च्या दशकात हेग्गोडूच्या ‘निनासम’ने मंचीकेरीच्या सिद्दींना घेऊन चिनुआ अचेबे यांच्या ‘थिंग्ज फॉल अपार्ट’ या कादंबरीवर कन्नड नाटक बसवले. चिदंबरराव जंबे दिग्दर्शक होते. गोऱ्यांच्या आगमनाने मोडलेल्या गावाची ती कथा. सिद्दींना ती वेगळी समजावून सांगावी लागली असेल, असे मला वाटत नाही.

२००३ साली या सिद्दींना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. वाडीतली शिकलेली मुले आता हुबळीला नोकरी शोधतात. त्या दिवशी दमामवर हात होता तो साठी उलटलेल्या एका आजोबांचा. शेजारी बसलेला नातू बोटांनी गुडघ्यावर ठेका धरीत होता.